आईंच्या पर्सचा चाप

५ ऑगस्ट, दुकानातून

वन्सं,

नमस्कार. वाकून नाही, गुडघा धरलाय.

फोनवर माझा आवाज आला की तुम्ही फोन ठेवून देता, म्हणून पत्र लिहितेय. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. फाडता येतं, पण तुम्ही फाडणार नाही. टोप्यांचे रिकामे डबेसुद्धा सुतळी बांधून जपणारी बाई कसली कागद फाडतेय!

कामाचंच लिहिते. तुमच्या खोलीचं काय करायचं? परवा तुम्ही यांना फोनवर काहीतरी सांगितलंत. हे ‘बरं, बरं’ म्हणाले आणि फोन ठेवल्यावर मला विचारतात, “ताई काय म्हणाली?” म्हटलं, अहो, फोन तुमच्या कानाला होता! तर डाव्या कानाला होता म्हणे. तुमच्या बंधुराजांचा डावा कान निव्वळ शोभेला आहे हे तुम्हाला मी काय सांगायचं! शेवटी तुमच्या मुलाला फोन केला तेव्हा उलगडा झाला. तुम्ही आता कायमच्या त्याच्याकडे राहणार, ऑक्टोबरअखेर तो टेम्पो पाठवणार, ट्रंक आणि शिवणयंत्र तिकडे न्यायचं, कपाट कुणाला तरी देऊन टाकायचं आणि खोलीत आम्ही दुकानाचा माल ठेवायचा.

माझं काही म्हणणं नाही. राहा की, मुलगा तुमचा, सून गुणी. फक्त एवढंच सांगते, खोली आवरायला मला जमणार नाही. गुडघा. तेव्हा तूर्त सगळं होतं तिथेच आहे. हे तुमच्यासाठी नाही, गुडघ्यासाठी आहे.

दुकान झकास चाललंय. तुम्ही गेल्यापासून गिऱ्हाइकं घाबरत नाहीत. काल एक कॉलेजची मुलगी आली, मांजरीच्या डोळ्यांसारखा चष्मा घालून आरशात पाहिलं आणि विचारलं, “हा खरा जुना आहे का?” मी म्हटलं, “नाही गं, जुन्या धाटणीचा आहे. दांड्या नव्या, नाकावरून घसरत नाही.” तिने दोन घेतले. तुम्ही असतात तर तिला उभं करून ऐकवलं असतंत की अस्सल चष्मा कसा असायचा, तुमची मावशी तो कसा घालायची आणि हल्लीच्या मुलींना नाकच कसं नाही. पोरगी रडत गेली असती.

खिडकीतल्या मॅडमचा हात मात्र रिकामा आहे. एवढी टोपी, हातमोजे, मोत्यांची सर घातलेली बाहुली आणि हात पुढे केलेला, काही मागत असल्यासारखा. तिच्या हातातली बाटलीहिरवी पर्स तुम्ही जाताना ओढून घेऊन गेलात ना! आईंची पर्स गल्ल्यावर आपटलीत, मग तिकीट आणि चष्मा ठेवायला काही तरी हवं म्हणून आमची ‘नकली’ पर्स चालली. बरं, चालली तर चालली.

आणि आता एकदाच सांगते, पुन्हा हा विषय काढणार नाही. मी आईंच्या पर्सचा चाप बदलला तो तुमच्या वाढदिवसासाठी बदलला. जुना ढिला झाला होता. बसमध्ये तुमचा चष्मा, किल्ल्या, गोळ्यांची डबी, सगळं सांडलं आणि कंडक्टर गुडघ्यांवर बसून गोळ्या वेचत होता हे विसरलात? मी चांगला घट्ट, चकचकीत चाप आणला, स्वतः बसवला, पर्सला मेण घासून चमकवलं. तुम्ही ती उघडली, मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. पांढऱ्याफटक पडलात आणि म्हणालात, “हिचा आवाज कुठे गेला?”

अहो वन्सं, पर्सचा आवाज! हे मी तेव्हाही म्हणाले, आताही म्हणते. मग तुम्ही ओरडलात, “जुना चाप कुठाय?” मीही ओरडले, “टाकून दिला!” मला सगळ्यांसमोर कोणी ओरडलं की माझं डोकं फिरतं, हे तुम्हाला लग्नापासून माहीत आहे.

झालं. विषय संपला.

तुमची भावजय


१९ ऑगस्ट

वन्सं,

नमस्कार. उत्तर नाही. ठीक आहे. तुम्ही यांना फोन करून मांजराची चौकशी केलीत, दुकानासमोरच्या गटाराची केलीत, मॅडमच्या टोपीवरच्या पिसाचीसुद्धा केलीत. माझी केली नाहीत. मी बरी आहे. गटारही बरं आहे.

विषय काढणार नाही म्हटलं होतं, पण एक खुलासा राहिला. तो चाप मी टाकलेला नाही. रागात बोलून गेले. मी काही टाकते का कधी? बटण तुटलं तर त्याचे दोन तुकडे मी जपून ठेवते. तो चाप सुट्या चापांच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवला होता. शोधून पाठवून देते, म्हणजे तुमचं समाधान होईल.

जाता जाता विचारते, त्याला काही खूणबीण होती का? म्हणजे इतर पितळी चापांपेक्षा वेगळं काही? सहज आपलं.

यांना विचारलं, तर हे एरवी तीन शब्दांवर चौथा बोलत नाहीत, ते परवा जेवताना अर्धा तास बोलले. म्हणाले, दिसायला काही खास नव्हता. दोन गुंड्या, एकीवरून दुसरी सरकली की पर्स बंद. आवाज मात्र दोन भागांत व्हायचा. आधी ‘खर्र’, मग ‘टक्’. तुम्ही दोघं लहानपणी आईंकडे काही मागायला उभे राहिलात की त्या सुट्टे काढून द्यायच्या आणि पर्स मिटायला लागायच्या. खर्र व्हायचं. पण पुढे टक् व्हायच्या आधी त्या कधीकधी थांबायच्या, तुमच्या तोंडांकडे बघायच्या, आणि पर्स परत उघडायच्या. “खर्र आणि टक् यांच्या मधे आम्ही दोघं श्वास धरून उभे असायचो,” हे म्हणाले. त्यांच्या ताटातलं गार झालं होतं.

मला कसा माहीत असणार तो आवाज? मला आईंनी ती पर्स कधी हातात दिलीच नाही. बसमध्ये चढताना एका हातात दांडा, दुसऱ्या हातात पर्स, तोल जातोय, मी म्हणतेय, “आई, द्या इकडे,” आणि त्या म्हणायच्या, “तू छत्री धर.” वीस वर्षं मी छत्री धरली. ऊन असो, पाऊस असो, छत्री माझ्याकडे. त्या गेल्यावर पर्स तुमच्याकडे आली, ते योग्यच होतं, तुम्ही लेक. मी तक्रार करत नाही. सांगतेय फक्त.

खुणेचं मात्र कळवा.

तुमची भावजय


७ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण अक्षर तुमचंच, ‘र’ला तोच तोरा. “एक गुंडी किंचित चेपलेली आहे. चाप पाठव.” बरं वाटलं वाचून. म्हणजे, रागच आला, पण बरं वाटलं.

आता खरं सांगते, कारण लपवून काही उपयोग नाही. तो चाप डब्यात नाही.

असं झालं. तुमच्या वाढदिवसाच्या आधीच त्या नव्या पर्सांची खेप मी करायला घेतली होती. गोल तळाच्या, आईंच्या पर्सवरूनच बेतलेल्या. एक चाप कमी पडला. डब्यात हात घातला, एक हाताला लागला. पितळ जाड, वजनदार, हल्ली मिळत नाही असं. म्हटलं, वा! पुसला आणि बसवून टाकला. माझ्या या हातांनी! तेव्हा काय माहीत की त्याच्या ‘खर्र’वरून घर फुटणार आहे.

हसू नका. लोक नवी वस्तू जुनी म्हणून खपवतात. जुनी वस्तू नवी म्हणून विकणारी मी जगातली पहिलीच दुकानदारीण असेन. आणि म्हणूनच पंचाईत झालीये. गिऱ्हाइकाकडे जाऊन सांगू कोणत्या तोंडाने, की बाई, तुम्हाला नवीकोरी म्हणून दिलेल्या पर्सवर माझ्या सासूबाईंचा चाप आहे? दुकानाची लाज जाईल. तेव्हा गुपचूप जायचं, पर्स उघडायची, मिटायची, ऐकायचं; किंचितसा चेप काही माझ्या या डोळ्यांना दिसायचा नाही.

त्या खेपेतल्या विकलेल्या पर्सा कुणाकुणाकडे गेल्या ते मला तोंडपाठ आहे. पहिली दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे.

काल त्यांच्याकडे गेले. दात दुखतोय म्हणून सांगितलं, नाहीतर आत कसं सोडणार? पर्स त्यांच्या खुर्चीमागे खुंटीला, मरून रंगाची. मी ओळखली, पण तोवर तोंडात कापूस आणि ती शिट्टी मारणारी नळी. मी पर्सकडे बोट करून ‘अं, अं’ करतेय, आणि त्या म्हणतात, “इथे दुखतंय का? मागचा दात?” मी मान हलवली नाही, पण बाई उत्साही आहेत. वन्सं, माझा एक चांगला दात त्यांनी कोरला, त्यात काहीतरी भरलं आणि दोन तास चावू नका म्हणाल्या. एवढं झाल्यावर बाई स्वतःच उठल्या, रुमाल काढायला पर्स उघडली आणि मिटली.

टिक्.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं सुई दुखली.

पुढच्या वेळी यांना बरोबर नेणार आहे. तो आवाज यांनी ऐकलाय, मी नाही. चुकीचा चाप धरून बसायला नको.

तुमची भावजय


२२ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं दुसरं कार्ड! “पुढे काय झालं?” एवढंच. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. मी इथे चपला झिजवतेय आणि तुम्हाला गोष्ट हवीये. ऐका तर मग.

दुसरी पर्स गाण्याच्या बाईंकडे. हे आणि मी दोघं त्यांच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसलो. मी सांगितलं की यांना उतारवयात गाणं शिकायचंय. यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू! बाईंच्या मांडीशेजारी पर्स. एका मुलीला खडीसाखर द्यायला त्यांनी ती उघडली, मिटली. नेमकी तेव्हाच वर्गातली सगळी मुलं एका सुरात ओरडली. हे मोठ्याने म्हणाले, “परत एकदा!” बाईंना वाटलं गाण्याला दाद मिळाली. परत एकदा झालं. मग आणखी एकदा झालं. पर्स मात्र जागची हलली नाही. शेवटी मलाच खोकला काढावा लागला, तेव्हा माझ्यासाठी खडीसाखर निघाली.

टिक्. यांनी नकारार्थी मान हलवली. खडीसाखर चांगली होती. आणि यांना पुढच्या बुधवारपासून वर्गाला बोलावलंय, बाई म्हणतात आवाजात दम आहे. हे जाणार आहेत! मी कपाळावर हात मारून घेतला.

तिसरी वकीलीणबाईंची. कोर्टाबाहेरच्या ओसरीत बाकावर पर्स ठेवून त्या हात धुवायला गेल्या. मी म्हटलं, आत्ताच. मी पर्स उघडली, यांनी कान टेकवला, मी मिटली. हे म्हणाले, “काही ऐकू आलं नाही.” वन्सं, डावा कान! बाईंच्या पर्सला तुमच्या भावाने डावा कान लावला होता! म्हटलं, वळा. हे उठले, पर्सच्या पलीकडे गेले, उजवा कान टेकवला, आणि मान वर करून बघतात तो वकीलीणबाई समोर, ओले हात तसेच धरून. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, “काय म्हणतेय पर्स?” हे म्हणाले, “अजून काही बोलली नाही.”

पोलीस बोलवायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. चाप, आई, खर्र, टक्, तुम्ही, टेम्पो, सगळं. आधी त्या ऐकून घेत होत्या, मग बाकावर बसल्या. मग त्यांनी स्वतःच पर्स यांच्या उजव्या कानाशी धरली आणि उघडली, मिटली. टिक्. म्हणाल्या, “सॉरी हो.” जाता जाता म्हणतात, “माझ्या आईच्या बांगड्यांचा एक आवाज होता.” आणि गेल्या.

घरी येताना मी विचार करत होते. लोक विचारतात, जुन्या धाटणीचं नवीन एवढं का खपतं? मी एवढी वर्षं सांगत आले की कारण साधं आहे. कपड्याला माप लागतं, पर्सला लागत नाही. कंबर वाढली म्हणून मोत्यांची सर कधी घट्ट झालीये? म्हणून या वस्तूंची फॅशन जात नाही. पण कोर्टाच्या त्या बाकावर मला पहिल्यांदा वाटलं की तुम्ही ‘अस्सल, अस्सल’ म्हणून बडबडत होतात त्यातही थोडं काही होतं. थोडंच.

एक राहिली. देवाशपथ, ती तीच असणार.

तुमची भावजय


१२ ऑक्टोबर

वन्सं,

नव्हती.

शेवटची पर्स पोस्टातल्या बाईंकडे निघाली. म्हणजे विकली त्यांच्या मोठ्या बहिणीला होती, तिने ती हिला देऊन टाकली. मी दर पंधरवड्याला तुमचं पत्र घेऊन त्या खिडकीशी उभी राहते, आणि पर्स त्यांच्या खुर्चीच्या पाठीला लटकलेली! म्हटलं, नशीबच म्हणायचं. हे बरोबर होते. बाईंनी पर्स खिडकीतून बाहेर दिली, मागची रांगही कान देऊन गप्प उभी होती.

टिक्.

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “अरेरे.” त्याला काही माहीत नव्हतं, पण माझं तोंड बघून म्हणाला.

संपलं, वन्सं. विकलेल्या सगळ्या ऐकून झाल्या. डबा तीनदा उपडा केला. मी हात टेकले. चाप कुठेतरी पडला असेल, झाडून गेला असेल. आता तुम्हाला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तुमच्या मुलाचा फोन आला होता. टेम्पो अठ्ठावीस तारखेला येणार. मी सांगितलं, तुमच्या खोलीची किल्ली सापडत नाहीये. तो म्हणाला, मामी, कुलूप तोडायला माणूस पाठवतो. फार कर्तबगार मुलगा आहे तुमचा. किल्ली माझ्या कमरेला आहे. मी रोज खोली उघडते, खिडकी उघडते, धूळ पुसते आणि परत बंद करते. गुडघ्याचं विचारू नका.

काल मॅडमची टोपी बदलायची होती. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पीस उजवीकडे. मी म्हणाले असते, डावीकडे. मग भांडणात अर्धी दुपार गेली असती आणि शेवटी पीस मधे लागलं असतं, जिथे ते खरंच छान दिसतं. काल मी ते डावीकडे लावलं. कोणी वाद घातला नाही. हे म्हणाले, छान. मी ते काढून टाकलं आणि गल्ल्यामागे बसून रडले. आता सांगितलंच आहे तर सांगते, तुमच्याशिवाय मला या दुकानात करमत नाही. घरात करमत नाही. मी तुमचा चाप हरवला आणि तुम्हालाही.

माझी चूक नव्हती, हे मात्र कायम.

तुमची भावजय


२० ऑक्टोबर, घाईत

वन्सं!!

काल संध्याकाळी तुमचा फोन आला. यांनी फोन उजव्या कानाला लावला होता. गाण्याच्या बाईंनी सांगितलंय म्हणे, उजव्या कानाने ऐकत जा. मी समोर भाजी निवडत बसले होते. तुम्ही यांना कसली तरी गोळी घ्या म्हणून सांगत होतात. “थांब, नाव वाचते, चष्मा काढते,” असं म्हणालात ना? हे “हं, हं” करत होते.

एकदम यांनी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “आई.”

मला वाटलं, झालं, यांचं डोकं गेलं! मी फोन ओढून घेतला. पण तुम्ही ठेवून दिला होतात. अर्थातच, माझा श्वास ऐकू आला असणार. हे म्हणाले, “खर्र. मग थांबली. मग टक्.” वर सांगतात, “ताईच्या हातात आईची पर्स आहे.”

म्हटलं, आईंची पर्स तर इथे गल्ल्यात आहे, त्यांच्या हातात कसली असणार? त्यांच्याकडे फक्त...

आणि मग मी आ वासून तशीच बसून राहिले.

मॅडमची पर्स. बाटलीहिरवी. त्याच खेपेतली! विकलेल्या तेवढ्या मी शोधत फिरले. जी विकलीच नाही, तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत ओढून नेलीत, आणि जिच्यावरून मी पहिल्याच पत्रात तुम्हाला टोमणा मारला, ती माझ्या डोक्यात आलीच नाही! दुकानदारीण ना मी, जे विकलं तेवढंच गेलं असं धरून चालले.

पण वन्सं, माझं ते असो. तुमचं काय? तुमच्या कानांचं एवढं कौतुक! एका ‘टिक्’वरून रामायण केलंत, आणि स्वतःच्या मांडीवर अडीच महिने ‘खर्र-टक्’ चालू असताना कळलं नाही, असं मी मानायचं? मग कार्डं कसली पाठवत होतात? “चाप पाठव.” “पुढे काय झालं?” माझा चांगला दात कोरला गेला! तुमचा भाऊ भर कोर्टात परक्या बाईच्या पर्सला कान लावून उभा राहिला! आणि तुम्ही तिकडे बसून गुंडीवर गुंडी सरकवत माझी पत्रं वाचत होतात?

टेम्पो यायचा तर येऊ दे. त्यात तुमची ट्रंक चढणार नाही. मी त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसणार आहे. कुलूप तोडायला आलेल्या माणसाला म्हणावं, आधी मला उचल. मी हलकी नाही.

ताबडतोब उत्तर द्या.

भावजय


२४ ऑक्टोबर, मुलाच्या घरून

वहिनीबाई,

ओरडू नकोस. पत्रातसुद्धा ऐकू येतं.

हो, मला माहीत होतं. गाडीतच कळलं. तिकीट तपासनीस आला, मी तिकीट दाखवलं आणि पर्स मिटली. समोर बसलेल्या बाईने विचारलं, काय झालं, पाणी हवंय का? मी म्हटलं, नको. मग त्या स्टेशनपासून या स्टेशनपर्यंत मी पर्स उघडत आणि मिटत आले. डब्यातले लोक वैतागले असतील.

त्याच दिवशी परत फिरणार होते. पण राग होता, म्हटलं, टाकून दिला म्हणतेस काय, शोध आता. आठवडाभर तुला शोधायला लावायचं आणि मग सांगायचं, असं ठरवलं होतं. मग तुझं पहिलं पत्र आलं, मग दुसरं. दाताचं पत्र आलं त्या दिवशी मी इतकी हसले की सून धावत आली. वकीलीणबाईंचं पत्र मी तिला वाचून दाखवलं, ती दोन्ही वेळा रडली, हसताना आणि नंतर. मी सांगितलं असतं, तर तू पत्रं लिहिणं बंद केलं असतंस.

इथे सगळे फार चांगले आहेत. मी टोपीचं पीस उजवीकडे म्हटलं तर उजवीकडेच म्हणतात. माझ्याशी कोणी भांडत नाही. या वयात एवढी शांतता मला सोसत नाही.

तुझ्या बारा तारखेच्या पत्रानंतर मी तिकीट काढलं. टेम्पोवाल्याला मुलाने ‘नको’ कळवलंय. शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. स्टेशनवर भावाला पाठवू नकोस, तो डाव्या बाजूला उभा राहील आणि मी हाका मारत बसेन. तू ये.

चापाचं म्हणशील, तर तो आता काढायचा नाही. तुझ्या त्या नकली पर्सवर बसलाय तसाच राहू दे. अडीच महिन्यांत तिची एक शिवण उसवलेली नाही, हे मी एकदाच सांगतेय, पुन्हा हा विषय काढणार नाही. ही पर्स मी वापरीन. मॅडमला दुसरी दे.

आणि आईची पर्स गल्ल्यात ठेवू नकोस. तू वापर. त्या टिक् आवाजाची मला सवय होईल. स्टेशनवर घेऊनच ये. परतताना बसमध्ये चढू तेव्हा छत्री मी धरते.

वन्सं